दुसऱ्या स्पेलची वाट

आमच्या घरातल्या टीव्हीला बंद करायचं बटण आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत पहाटे कोकीळ ओरडायची, मग आईचा मिक्सर, मग खालच्या स्विमिंग पूलमधली पोरं, आणि या सगळ्यावर ताण म्हणून क्रिकेटचं समालोचन. सामना चालू नसला तर जुना सामना, तोही नसला तर जुन्या सामन्यावर चार माणसांची चर्चा. बाबा एका बँकेत जोखीम तपासायच्या विभागात होते. रोज सकाळी बेटाचं दुसरं टोक गाठून चांगी बिझनेस पार्कमध्ये जायचं, दिवसभर लोकांना सावध राहायला सांगायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन जगातल्या कुठल्याही विषयावर बेधडक मत ठोकून द्यायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी असल्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मुलगी क्रिकेट खेळत नाही, याचं मात्र वाटायचं.

त्यात माझा दोष नव्हता. त्यांनीच माझ्यासाठी अमेरिकन धाटणीची शाळा निवडली होती, आणि त्या शाळेच्या भल्यामोठ्या मैदानावर क्रिकेट सोडून सगळं होतं. मुलींसाठी सॉफ्टबॉल होता, पण तो टरबुजाएवढा चेंडू माझ्या हातात मावत नसे. मग मी आमच्याच कॉन्डोतल्या डेल नावाच्या अमेरिकन माणसाच्या शनिवारच्या संघात गेले. तिथे लहान चेंडूने खराखुरा बेसबॉल चालायचा, सगळे मुलगेच होते, आणि मुलगी आली म्हणून कुणी आकाशपाताळ एक केलं नाही. डेलने फक्त माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बोटं लांब आहेत. चालेल." त्याला मृणाल म्हणता येत नसे, तो मला एम म्हणायचा. त्याचं सगळं बोलणं इंग्रजीत असायचं, पण माझ्या डोक्यात ते इतकी वर्षं मराठीत मुरलं आहे, म्हणून तसंच लिहिते.

डेल आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्याची बायको कॅरन जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनियर होती. पहाटे गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जायची ती दिवेलागणीला परतायची. डेल घरी. हाफ पँट घालून बाजारात जायचा, केळी आणायचा, कपडे वाळत घालायचा. आमच्या मराठी मंडळींना हे पचता पचत नव्हतं. "बायको रिफायनरी चालवते आणि हा केळी आणतो," असं पाटणकर काकू म्हणायच्या, आणि पाटणकर काका, जे हिशेबनीस होते आणि आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी पाण्याचा पेलासुद्धा भरून घेतला नव्हता, ते खेदाने मान हलवायचे. मग एके दिवशी काकांनीच इंटरनेटवर शोध लावला की हा माणूस अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेला आहे. एका संध्याकाळीत डेलचे दिवस पालटले. हाफ पँटमध्ये साधेपणा दिसू लागला. केळी आणणं म्हणजे जमिनीवर पाय असणं ठरलं. त्या रविवारी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं.

आईने मसालेभात केला होता, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि गुलाबजाम. काकांनी पहिला घास गिळायच्या आत सुरुवात केली. "म्हणजे तुम्ही ओपनिंग करायचात? नवा चेंडू?"

"नाही सर. मी रिलीफ."

"म्हणजे काय?"

डेलने शांतपणे सांगितलं. पहिला जो चेंडू टाकायला उतरतो तो तास-दोन तास टाकतो. तो दमला, किंवा त्याला फलंदाज झोडायला लागले, की मैदानाच्या कडेला बसलेल्या दुसऱ्याला बोलावतात. त्याने यायचं, दहा-पंधरा मिनिटांत लागलेली आग विझवायची आणि घरी जायचं. तो दुसरा म्हणजे डेल. छोट्या छोट्या गावांच्या संघांतून, रात्रंदिवस बसचा प्रवास करत तो वर्षानुवर्षं हेच करत आला होता. अगदी वरच्या लीगमध्येही त्याला थोडे दिवस बोलावलं, मग परत खाली पाठवलं, मग पुन्हा बोलावलं. "खरं सांगायचं तर मला वाट बघण्याचा पगार मिळायचा," तो म्हणाला आणि हसला.

टेबलावर कुणीच हसलं नाही. पाटणकर काका बाबांकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे बारावा गडी." बाबांनी मान डोलावली. त्या दिवशी डेलला दुसऱ्यांदा गुलाबजाम कुणी वाढला नाही. त्या बिचाऱ्याला त्यात काही कमी-जास्त झालं आहे, हे कळलंही नाही. तो आईला म्हणाला की इतकं छान तो बऱ्याच दिवसांत जेवला नव्हता, आणि स्वतःची ताटली उचलून स्वयंपाकघरात विसळायला घेऊन गेला. त्यावरूनही नंतर बोलणं झालंच.

बारावा गडी म्हणून निकालात निघालेल्या या माणसाने मला जे शिकवलं, ते आज चाळिशीला टेकतानाही माझ्या हातात आहे. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल रुतवायचा, आणि हात मात्र जीव खाऊन फिरवायचा. हात जोरात येतो, चेंडू रमतगमत. आमच्या संघात बेंजामिन नावाचा एक चिनी सिंगापुरी मुलगा होता, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याचा चेंडू सणसणत जायचा. बेसबॉलचे डाव छोटे, तीन फलंदाज बाद झाले की संपणारे; त्याचे असे चार-पाच डाव खेळून समोरच्यांचे डोळे, हात, पाय सगळे त्या वेगाला सरावलेले असत. मग मी उतरायचे. त्यांची बॅट घुमून खांद्यावर जाऊन बसायची आणि माझा चेंडू त्यानंतर सावकाश पोचायचा. त्या वेळचे त्यांचे चेहरे! ते आठवले की अजूनही ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला अवेळी हसू येतं.

"आपल्याकडे एकच थाप आहे, एम," डेल सांगायचा. "ती एका माणसाला एकदाच मारायची. दुसऱ्यांदा तो थांबून बघतो, आणि थांबला की संपलं. म्हणून आपण शेवटी यायचं, आणि लवकर निघायचं."

तोवर बसून राहायचं. आमच्या मैदानाच्या कडेला टॉयलेटच्या भिंतीला लागून एक बाक होता, तो आमचा. डेलला खेळायच्या दिवसांत सूर्यफुलाच्या बिया चघळायची सवय लागली होती. आईने त्याला शंकरपाळ्यांवर आणलं. दर शनिवारी ती डबा भरून द्यायची आणि आम्ही दोघं तो बाकावर रिकामा करायचो. बेंजामिन अडचणीत आला की डेल चघळायचा थांबायचा. मला कळायचं. मी उठून हात मोकळा करायला लागायचे. बेंजामिन मला चेंडू देताना म्हणायचा, "फिनिश फास्ट लाह, आय हंग्री." घरी माझ्या वाट्याला बाबांची मतं यायची, शाळेत इतरांचे उच्चार. शेवटचा डाव तेवढा माझा होता. माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती, आणि ती मला मनापासून आवडायची.

बाबा पहिल्यांदा सामना बघायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. पांढरी टोपी, पाण्याची बाटली, मांडीवर वर्तमानपत्र. मुलगी कुठे आहे म्हणून त्यांनी सगळं मैदान नजरेने पिंजून काढलं, आणि ती त्यांना टॉयलेटशेजारी शंकरपाळे खाताना सापडली. सामन्याचा बहुतेक वेळ ती तिथेच होती. शेवटी उठली, तिन्ही फलंदाज झटपट बाद केले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, पण घरी येताना टॅक्सीत ते वर्तमानपत्राची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "शेपटाला बाद करण्यात काय मोठंसं. तुझ्यावर अन्याय होतोय." मी सांगायचा प्रयत्न केला की इथे शेपूट नसतं, शेवटचा डाव सगळ्यात अवघड असतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अन्याय सहन करणारी माणसं अन्यायाचंच समर्थन करतात, असं काहीतरी त्यांना वाटलं असणार. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला राग धड करताही आला नाही.

पुढच्याच महिन्यात गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असायचा. टेक्का मार्केटमधून केळीची पानं यायची, हॉलमधलं सगळं फर्निचर बेडरूममध्ये कोंबलं जायचं आणि जमिनीवर पंगत बसायची. आई मोदकाच्या सारणात इथला गुला मेलाका, म्हणजे माडाचा काळा गूळ घालायची, कारण तिच्या मते त्याला वास जास्त होता. बाबा दरवर्षी पहिल्या मोदकाला नाक मुरडायचे आणि अकरा खायचे. डेलला बोलावलं होतं. तो कसाबसा मांडी घालून पहिल्या पंगतीत बसला, आणि बाबा मोदकांचं ताट घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे आग्रह ही एक कला आहे, आणि नकार ही त्याहून मोठी. वाढणाऱ्याने "एक घ्याच" म्हणायचं, जेवणाऱ्याने नाही म्हणायचं. पुन्हा आग्रह, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा पानावर आडवा होऊन दोन्ही हातांनी पान झाकायचं, तेव्हा कुठे तो नकार म्हणून धरला जातो. त्याआधीचे दोन निव्वळ शिष्टाचार. हे डेलला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोच, एक घ्याच," बाबा म्हणाले. "आणि फायनलला मृणालला ओपनिंग द्या."

"नको सर, पोट भरलं. आणि ती शेवटीच बरी."

"असं कसं! एक तरी. ओपनिंग एकदा तरी."

"खरंच नको, सर."

"कोच, आज गणपती आहे. आज नाही म्हणायचं नसतं!" आणि तुपाने न्हालेला मोदक त्याच्या पानात पडला. सगळी पंगत बघत होती. पाटणकर काका म्हणाले, "घ्या हो, घ्या हो." डेलने मोदकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचं भांडं घेऊन उभी होते. "एम, तुला चालेल?" त्याने विचारलं. बाबा, काका, काकू, आई आणि साक्षात गजानन माझ्याकडे बघत असताना मी काय बोलणार होते? मी मान डोलावली. डेलने एक सुस्कारा टाकला, मोदक खाल्ला, आणि हो म्हणाला. बाबांना वाटलं, त्यांनी डेलचं मन वळवलं. डेलला वाटलं, या लोकांत देवासमोर नाही म्हणणं हा मोठा अपमान असणार. दोघंही इतके सुशिक्षित होते की काय सांगू.

फायनलला बाबांनी अर्धं मराठी मंडळ आणलं. छत्र्या, डबे, एक ढोलकीसुद्धा. मी बेंजामिनच्या जागी चेंडू हातात घेऊन मधोमध उभी राहिले आणि ढोलकी वाजली. बेंजामिन माझ्या बाकावर बसला होता आणि माझे शंकरपाळे खात होता. पहिले काही फलंदाज फसले. मंडळाने मैदान डोक्यावर घेतलं. पण आज त्यांनी आधी वेगवान काही बघितलंच नव्हतं, त्यामुळे माझा हळू चेंडू त्यांना नुसताच हळू चेंडू दिसत होता. आणि सगळ्यांची एक फेरी संपून पहिला फलंदाज दुसऱ्यांदा आला, तेव्हा तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. तो थांबला. चेंडू आरामात येऊ दिला, आणि कुंपणाबाहेर घालवला. पुढच्याने तेच केलं. त्यापुढच्याने तेच. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी तीच थाप पुन्हा पुन्हा मारत होते, आणि तिथला प्रत्येक जण ती ओळखत होता.

डेल मैदानात आला. तो कधीच घाईने यायचा नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने तळवा पुढे केला. या खेळात चेंडू असा हातात परत द्यावा लागतो. मी दिला. "तुझी चूक नाही," तो म्हणाला. मला ते माहीत होतं, आणि म्हणूनच जास्त रडू येत होतं. कुंपणाबाहेर पाटणकर काका सगळ्यांना समजावत होते, "काही नाही, जरा विश्रांती. दुसऱ्या स्पेलला येईल."

आणि बाबा दुसऱ्या स्पेलची वाट बघत बसले. बेंजामिनने चांगली टाकली, तरी व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मग विजेच्या इशाऱ्याचा भोंगा झाला, सगळे छपराखाली पळाले, पाऊस पडून गेला. बाबा खुशीत होते. "आता खेळपट्टी संथ झाली. मृणालसाठी एकदम योग्य." मी ऐकलं आणि बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लागले. त्यांना माहीत नव्हतं. इतके दिवस सामने बघूनही त्यांनी हा एक नियम कुणाला विचारला नव्हता, कारण बाहेर गेलेला गोलंदाज परत येतो यात विचारण्यासारखं काही असेल, हेच त्यांच्या मनात आलं नाही.

शेवटच्या डावात ते उठून कुंपणापाशी आले. "मृणाल, हात मोकळा कर. तुझी वेळ झाली."

"बाबा, मी नाही येणार."

"कोच विसरला असेल. थांब." आणि सामना चालू असताना, सगळ्यांसमोर, माझे जोखीम तपासणारे बाबा तरातरा डेलपर्यंत गेले. "कोच, आता तिला आणा. एक ओव्हर तरी."

"येत नाही, सर. एकदा चेंडू काढून घेतला की त्या दिवशी परत टाकता येत नाही."

"अजिबात नाही?"

"नाही."

"पाऊस पडला तरी?"

डेलने मान हलवली. बाबांनी टोपी काढली आणि तिची घडी घालू लागले. ती टणक कडेची टोपी होती, तिची घडी होत नव्हती, तरी ते घालत राहिले. मग ते मंडळाकडे परत गेले नाहीत. टॉयलेटच्या भिंतीपाशी, माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. तिथे वास येत होता. आम्ही थोडक्यात हरलो. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि त्यांतलं कुठलं जास्त होतं हे मला आजही सांगता येणार नाही. "तू मला सांगितलं का नाहीस?" एवढंच त्यांनी विचारलं. "तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी टीव्हीचं बटण शोधून काढलं.

पालकांच्या समितीत आणि आमच्या मंडळातही नंतर बरीच चर्चा झाली. मुलीच्या खांद्याला हे झेपत नाही, तिला मागे कुठेतरी उभं करा, असं निघालं. ज्यांनी ढोलकी वाजवली त्यांनीच हे सगळ्यात आधी सुचवलं. मला रात्रीची झोप लागेना. ती जागा गेली तर मला त्या मैदानावर काहीच उरणार नव्हतं. पण डेल हो-नाही काही न बोलता बसून राहिला, ज्याचा त्याला पगार मिळायचा तसा, आणि पुढच्या शनिवारी शेवटच्या डावाला त्याने चघळणं थांबवलं. मी उठले. वर्षभर तसंच चाललं. बाबा यायचे, लांब बसायचे, बोलायचे नाहीत.

पुन्हा गणपती आले. नेमका त्याच आठवड्यात बेंजामिनचा हात दुखावला होता आणि शनिवारी पहिला चेंडू कोण टाकणार, हे ठरलं नव्हतं. डेल पंगतीत बसला. या वेळी मांडी बरी जमली होती. बाबा ताट घेऊन आले. मी पाण्याचं भांडं घेऊन उभी होते.

"कोच, एक घ्याच."

"नको, सर."

"एक तरी. आणि ऐका, शनिवारी बेंजामिन नाहीये, तर म्हटलं…"

"नको, सर."

बाबांच्या हातात मोदक होता. "कोच, आज गणपती…"

डेल वाकला, आणि त्याने दोन्ही हात आडवे करून पान झाकलं, अगदी पाटणकर काका झाकायचे तसं. मान खाली, कोपरं बाहेर. त्याला हे कोणी शिकवलं, आईने का त्याने नुसतं बघून घेतलं, मला माहीत नाही. सगळी पंगत थांबली. बाबा त्या हातांकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं. आणि तो मोदक त्यांनी ताटात परत ठेवला. आमच्या घरात पानापर्यंत नेलेला मोदक परत आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"ओके, कोच," ते म्हणाले. "तुम्हाला वाटेल तेव्हा बोलवा तिला."

माझी पंगत शेवटची, आईबरोबर. मोदक संपले होते. एकच होता, वाटीखाली झाकून ठेवलेला. "तुझ्यासाठी ठेवलाय म्हणाले," आई म्हणाली. गार झाला होता, आतला गूळ घट्ट झाला होता. मी तो सावकाश खाल्ला.

शनिवारी पहिला चेंडू संघातल्या दुसऱ्याच एका मुलाने टाकला, आणि मला शेवटच्या डावात बोलावलं. चेंडू तळहातात रुतवताना मी कुंपणाकडे बघितलं. बाबा उभे होते, आणि त्यांचे दोन्ही गाल फुगलेले होते. आपल्याला बोलता येऊ नये म्हणून त्यांनी तोंडात मावतील तेवढे शंकरपाळे भरले होते.